अर्ध्या बोटाचा वाघ

दिवस उगवताच परतवाड्याच्या जीपा आमच्या गावात येऊन थांबल्या. जंगल बघायला नव्हे. गावात उतरलेल्या महाराजांच्या पाया रात्री वाघ पडून गेला म्हणे, त्याची पावलं बघायला. महाराजांच्या ओट्यासमोरच्या धुळीत ठसेच ठसे होते आणि लोक ती धूळ पुड्यांत बांधत होते.

"ताईत बांधा! वाघ मांजर होते मांजर!" महाराज गरजत होते. मांजर म्हणे!

मी इथला मास्तर. कपाशी सलग दोन वर्षं हातची गेली, तेव्हा गावानं समिती केली होती. पाहुण्यांना जंगल गावकऱ्यांनीच दाखवायचं आणि नाल्याकडे कुणी एकट्यानं जायचं नाही, असा नियम होता. वाट दाखवणाऱ्यांत सगळ्यात जाणती इंदूबाई. आज मात्र ती रडकुंडीला आली होती. तिची सून जमुना टोपली घेऊन नाल्याकडे मोहफुलं वेचायला निघाली होती.

"एकटीच काहून चालून राहिली?"

"ताईत हाये ना, आई."

इंदूबाई खाली वाकली, ठसे बघत पुढं सरकली आणि ताठ झाली.

"मास्तर, वाघाले पाय किती?"

"चार."

"मंग हे सारे डाव्या पुढच्याच पायाचे काहून? अन् हे बोट पाहा, अर्धंच!"

मला आठवलं. पाहुण्यांना दाखवायला तिनं वाघाच्या पावलाचा प्लास्टरचा साचा केला होता. तो पडून त्याचं एक बोट अर्धं तुटलं होतं. आम्ही समितीच्या खोलीत गेलो. फळी रिकामी होती.

साचा महाराजांच्या गादीखाली सापडला. इंदूबाईनं तो धुळीत दाबला. तसाच ठसा, तसंच अर्धं बोट.

"देवाची लीला अर्धीच दिसते," महाराज पुटपुटले.

"मीच देला साचा," समितीचे अध्यक्ष भगवंतराव मान खाली घालून म्हणाले. "पाहुणे येऊन नाही राहिले. म्हटलं, गाव जगंन."

"अन् माही सून?" इंदूबाईनं विचारलं. मला भगवंतरावांचा राग आला आणि कीवही.

जमुना चार बायांसोबत, वाघाला चाहूल लागावी म्हणून टाळ्या वाजवत गेली. नाल्याच्या ओल्या वाळूत ताजे ठसे होते. चारही पायांचे, बोटं पुरी. जमुनानं तिथंच ताईत तोडला.

दुसऱ्या दिवशी एकही जीप आली नाही. निम्मं गाव इंदूबाईशी अजून बोलत नाही. पण बाबांनो, पाहुणे बोलवायचे तर खरं जंगल दाखवून बोलवा. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याचे पाय मोजा. जमुनाच्या गळ्यातला ताईत वाघाला कळणार नव्हता.