तिसरा ओके

माझ्या मुलाला काहीही विचारा, उत्तर एकच. जेवलास का? ओके. ताप उतरला का? ओके. मी शिव्या घातल्या तरी, मान खाली घालून, ओके. चाळिशीला टेकलेला बाप्या, पण तोंडात दुसरा शब्द नाही. सूनबाई म्हणते, "आई, सोडा ना." कशी सोडू? त्याच शब्दाने माझा माणूस गेला.

आमचा धंदा लिफ्टदुरुस्तीचा. मी शाळा पाहिली ती दुसरीपर्यंत, पण ओके मला लिहिताही येतं. ह्यांनी खडूने भिंतीवर काढून शिकवलं होतं. "इंग्रजीतला एवढाच शब्द कामाचा," म्हणायचे, "पण कान लावून ऐकायचा." चाकाला तेल दिलं की ओके. साहेबाने तोंड फिरवून म्हटलेला ओके म्हणजे निघा आता. बोट चेमटल्यावर दातांतून आलेला ओके म्हणजे दुखतंय, पण विचारू नका. आणि लिफ्टच्या विहिरीत ह्यांचा नियम तीन ओकेंचा. खाली खड्ड्यात उतरलेला म्हणणार ओके, म्हणजे काम झालं. वरचा म्हणणार ओके, म्हणजे ऐकलं. मग खालचा वर चढून, दाराबाहेर दोन्ही पाय टेकवून म्हणणार ओके. तो तिसरा आला की वरच्याने हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली सोडायची. आधी नाही.

तीन वर्षांपूर्वी हे खाली होते, मुलगा वर. मुलाने लिफ्ट सोडली तेव्हा हे खड्ड्यातच होते.

"बाबांनी दोन्हीदा ओके म्हटलं आई. मी वाट पाहिली, मगच चाक फिरवलं," एवढंच तो सांगत राहिला. मी म्हटलं, खोटारड्या, खड्ड्यात उभा असलेला माणूस तिसरा ओके कशाला म्हणेल? चारचौघांत म्हटलं, त्याच्या बायकोदेखत म्हटलं. तेव्हापासून त्याचं बोलणंच आटलं आणि हा ओके तेवढा उरला.

परवा त्याच इमारतीतून बोलावणं आलं. तिथे म्हणे दुसरे मिस्त्री टिकत नाहीत. खड्ड्यातलं लाल बटण बसवायचं होतं, जे दाबलं की लिफ्ट हलत नाही ते. मुलगा म्हणाला, "नको." तीन वर्षांत ओके सोडून पहिला शब्द! पण मी हट्टाला पेटले. आम्ही घाबरून पळालो असं कुणी म्हणायला नको, आणि खरं सांगायचं तर त्याला त्या वरच्या मशीनच्या खोलीत पुन्हा उभं केलेलं मला बघायचं होतं.

सकाळी अकराला कामाला लागलो. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकवलेली. मुलगा आठव्यावर, मशीनच्या खोलीत. सूनबाई अंगाने बारीक, म्हणून खड्ड्यात तीच उतरते. मी तळमजल्यावर उघड्या दारात स्टूल टाकून बसलेली. खड्ड्यात मोबाइल लागत नाही, त्यामुळे सगळं ओरडूनच.

सूनबाईने दातांत टॉर्च धरली होती आणि दोन्ही हातांनी वायरी पिळत होती. तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास येत होता. मी तिच्याकडेच बघत होते.

आणि खालून आवाज आला, "ओके."

सूनबाईचाच आवाज. तिची ती शेवटी वर जाणारी लकेर, सगळं तेच. पण टॉर्च तिच्या दातांत घट्ट होती. मला वाटलं, माझ्या कानांना भास झाला.

वरून उत्तर आलं, "ओके."

तेव्हा सूनबाईचे हात थांबले. तिने वर नाही पाहिलं. हळूच मान वळवून तिने आपल्या पाठीमागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात काही नव्हतं. एक जुनं फडकं, बस.

त्या कोपऱ्यातून पुन्हा आवाज आला, तिचाच, "ओके."

दोर सळसळला. लिफ्ट खाली यायला लागली.

"थांब!" मी ओरडले. लगेच खालून, माझ्या आवाजावर चढून, "ओके, ओके." लिफ्ट येतच होती. मी पालथी पडून सूनबाईची वेणी धरली, पण तिची साडी कशात तरी अडकली होती. काय ओरडू? जे ओरडेन त्यावर ते ओके फासणार. तेव्हा तोंडातून आपोआप निघालं ते त्याचं लहानपणीचं नाव, हे गेल्यापासून मी एकदाही न घेतलेलं.

"चिमण्या! ए चिमण्या!"

करकचून ब्रेक लागला. सूनबाईच्या डोक्यावर वीतभर जागा राहिली होती.

मी तिला ओढून बाहेर काढली. साडी फाटली, माझा खांदा निखळल्यासारखा झाला. ती फरशीवर बसली आणि टॉर्च काही दातांतून सुटेना. मीच जबडा धरून सोडवली.

"मी काही बोलले नाही आई," ती म्हणाली, "देवाशपथ."

"माहितीये गं. बघतच होते ना मी."

मुलगा आठ मजले धावत उतरला. बायकोला बघून भिंतीला टेकला.

"आई, हिने दोन्हीदा ओके म्हटलं. मी वाट पाहिली..." तेच वाक्य, शब्दन् शब्द. त्याने डोळे मिटून घेतले. मी आता काय बोलणार ते त्याला तीन वर्षांपासून पाठ होतं.

मी तोंड उघडणार, तोच खड्ड्यातून आवाज आला. या वेळी सूनबाईचा नाही. ह्यांचा. जेवण झालं, ताट सारलं, की म्हणायचे ना, अगदी तसा, तृप्त.

"ओके."

तिघांनीही ऐकला. मुलगा दाराकडे एक पाऊल सरकला. मी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे रेटलं, आणि खड्ड्याकडे पाठ करून त्याला म्हटलं:

"तिकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. तू खोटारडा नाहीस. तेव्हाही नव्हतास. खोटं मी धरून बसले होते. हे मी एकदाच सांगतेय, पुन्हा विचारू नकोस. आता ते दार लाव, बायकोला उचल आणि घरी चल. आणि चिमण्या, आता 'हो आई' म्हण. तो दुसरा शब्द काढलास, तर थोबाड फोडीन."