माणूस वर आहे

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. मित्रांनो, तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून सरळ करून रायभान पेंटरने मला वाटूर फाट्यावरच्या त्याच्या टपरीत रंगवले. पांढऱ्यावर लाल अक्षरे काढली, ‘लाईन बंद ठेवा. माणूस वर आहे.’ ‘लाईन’ हा शब्द त्याने एवढा मोठा काढला की शेवटी ‘आहे’ला जागाच उरली नाही. ते बिचारे कोपऱ्यात अंग चोरून बसले आहे. त्याचा मला अजून राग येतो.

मला घेऊन गेला सुग्रीव. तो सरकारी लाईनमन नव्हता. सरकारी माणसाकडे चौदा गावे होती, त्याची वाट पाहण्यात दोन दोन दिवस जायचे. म्हणून कुठे तार तुटली की गाव सुग्रीवला हाक मारायचे. तो आधी डीपीतले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतले, फ्यूज काढून खिशात टाकायचा, मग मला डीपीच्या दारावर अडकवायचा आणि त्यानंतरच खांबावर चढायचा. कारण आमच्याकडे एक खोड आहे. विहिरीवरची मोटार थांबली की कोणीही डीपीपाशी येतो आणि फ्यूज दिसला नाही तर त्या जागी साधी तार घालून मोकळा होतो. मी दिसले की मात्र माणूस हात मागे घ्यायचा. नऊ वर्षे मी हे काम केले. सुग्रीवच्या अंगावर साधा ओरखडा आला नाही.

काम नसले की मी त्याच्या घरी दाराजवळच्या खिळ्यावर असायची. तिथे दिवसभर माझाच शब्द कानावर पडायचा. दिवे लागले की उषाबाई, म्हणजे सुग्रीवची बायको, म्हणायची, “लाईन आली.” रेशनच्या दुकानापुढे लाईन लागायची. विहिरीपासून मळ्यापर्यंत पाण्याची लाईन पुरलेली होती. परतूरला जाताना आगगाडीची लाईन लागायची. एखाद्याची दहावी झाली की पाहुणे विचारायचे, “मंग, कोणती लाईन घेतो?” शब्द इंग्रजांचा, पण आमच्या गावात त्याला क्षणाची उसंत नव्हती. तो माझ्या अंगावर सर्वांत मोठा आहे, याची मला घमेंड होती.

सुग्रीवची मुलगी तृप्ती सहावीत होती. इंग्रजी शिकवणाऱ्या अक्षता मॅडमनी वर्गाला सांगितले, घरात रोज बोलला जाणारा एक इंग्रजी शब्द घ्या, त्याचे जमतील तितके अर्थ गोळा करा, शाळेत प्रदर्शन मांडू. तृप्तीने अकरा अर्थ गोळा केले. मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले.

“बाबा, पाटी नेऊ का शाळेत?”

“ने की. बराबर मधोमध लाव. पण शनवारच्या आत आण बरं, कवा काम निघंल सांगता येत न्हाई.”

शाळेत मला टेबलावर उभे केले आणि भोवती अकरा रंगीत चिठ्ठ्या लावल्या. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी माझा फोटो काढला. तृप्तीचा पहिला नंबर आला. मॅडम म्हणाल्या, “सोमवारी पालक येणार आहेत, तोवर पाटी राहू दे.” तृप्ती हो म्हणाली. आणि मित्रांनो, खरे सांगते, मलाही परत जायचे नव्हते. ऊन आणि कावळ्यांची घाण सोसून मला इतके कौतुक कधी मिळाले नव्हते.

शनिवारी दुपारी ओढ्यापलीकडची तार तुटली. पुढचे मी लोकांच्या तोंडून ऐकले. सुग्रीवने फ्यूज काढले, सवयीने माझ्यासाठी मागे हात नेला आणि मी जागेवर नाही हे आठवल्यावर खिशातली दस्ती, म्हणजे रुमाल, डीपीच्या दाराला बांधली. वारा सुटला, दस्ती उडाली. थोड्या वेळाने भागवत आला. त्याच्या मोसंबीचे पाणी अर्ध्यावर थांबले होते आणि चारला लाईन जाणार होती. ओढ्यापलीकडचा खांब तिथून दिसत नव्हता. त्याने तार घातली.

सुग्रीव वाचला. दवाखान्यात त्याचे दोन्ही हात कोपरापासून काढावे लागले.

सव्वीस जानेवारीला तो शाळेत आला. शर्टाच्या बाह्यांना उषाबाईने टाके घातले होते. प्रदर्शनानंतर मला चिठ्ठ्यांसकट वर्गात खिडकीसमोरच्या खिळ्यावर लावले होते. झेंडावंदन झाल्यावर तो तिथे माझ्यासमोर उभा राहिला. तृप्ती त्याच्या मागे होती.

“बाबा, पाटी म्या नेल्ती,” ती म्हणाली.

“न्हाई बाई. म्या दिल्ती.”

मॅडमनी डोळे पुसत विचारले, “काढून देऊ का तुम्हाला?”

“मी काय करू तिचं, मॅडम? आता मला ती टांगता यायची न्हाई.”

त्या दिवशी तृप्तीने अकराही चिठ्ठ्या फाडल्या. तिच्या तोंडून तो शब्द मी पुन्हा ऐकला नाही. दिवे गेले तर ती नुसती “अंधार झाला” म्हणते. आणि गावाने मला अपशकुनी ठरवले. ती पाटी डीपीवर नको, म्हणतात. वारा सुटला होता, तार भागवतने घातली, पण दोष माझा. मीही तो नाकारत नाही. माझी जागा सोडून मी इथे मिरवत बसले होते.

मित्रांनो, सुग्रीवचे काम आता हरिओम करतो. गेल्याच वर्षी त्याचे लग्न झाले. शाळेच्या खिडकीतून मला डीपी दिसते आणि समोरचा खांबही दिसतो. आज सकाळपासून लाईन नाही. हरिओम वर चढला आहे, डीपीच्या दाराला त्याने दस्ती बांधली आहे आणि वारा आहे. बांधावरून कोणीतरी डीपीकडे चालत येत आहे.

मला अपशकुनी म्हणा, हवे ते म्हणा. पण कोणीतरी मला या खिळ्यावरून काढा आणि पळत तिकडे न्या.