दोन पाळ्यांचा धोटा

मी एक जुना धोटा आहे. भिवंडीत मला कोणी धोटा म्हणतं, कोणी शटल. आकार लहानशा होडीसारखा, अंग लाकडाचं, दोन्ही टोकं लोखंडाची आणि पोट पोकळ. त्या पोटात सुताची कांडी बसते. लूम, म्हणजे यंत्रमाग, सुरू झाला की मी उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावतो आणि मागे आडवा धागा सोडत जातो. मित्रांनो, तुमच्या अंगावरचा सदरा माझ्यासारख्याच कुणाच्या तरी धावण्यातून तयार झाला असेल.

१९८८ साली मी फखरुद्दीनशेठच्या शेडमध्ये आलो. शेठने माझ्यावरून अंगठा फिरवला, "लाकूड चांगलं हाय," एवढंच म्हटलं आणि मला महादूच्या हाती दिलं. महादू जवळच्या शेलार गावचा, दिवसपाळीचा. रातपाळीला उत्तर प्रदेशातल्या मऊ गावाहून आलेला गुलाम हुसेन. दोघांचा लूम एकच, धोटाही एकच.

माझ्या कुशीला एक बारीक भोक आहे. नवी कांडी बसवली की धाग्याचं टोक त्या भोकातून बाहेर काढावं लागतं. बोटांनी ते निघत नाही. म्हणून कारागीर भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. धागा थेट तोंडात येतो. शेडमध्ये सगळे असंच करायचे. महादूला कधी दुसरा श्वास घ्यावा लागत नसे आणि त्याचं फार कौतुक व्हायचं.

"महादूभाई, ये फेफड़ा है या पंप?" गुलाम हुसेन विचारायचा.

"पंपच हाय. तुझा बिघडला तर सांग, उसना देतो!"

पाळी बदलताना महादू मला सदऱ्याला पुसायचा आणि पुढे करायचा. त्याचा ओलावा सुकायच्या आत गुलाम हुसेनचे ओठ मला लागायचे. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

पुढच्या वर्षी महादूला खोकला लागला. लूमच्या खडखडाटात तो कुणाला ऐकू जात नसे. वीज गेली की शेड एकदम शांत व्हायची, आणि त्या शांततेत एकटा महादूच वाजत राहायचा. मग चहाबरोबर वाद रंगायचा.

"सुताचं तूस उडून जाते छातीत, दुसरं काय न्हाय," महादू म्हणायचा.

"तूस तो मैं भी खाता हूँ," गुलाम हुसेन म्हणायचा. "तेरी बीड़ी है ये."

"अकलोलीच्या कुंडात बस," शेठ सांगायचा. "गंधकाचं पाणी हाय. छाती मोकळी होते."

आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद. महादू वज्रेश्वरीच्या एसटीने अकलोलीला गेला, गरम कुंडात बसून आला. दुसऱ्या दिवशी खोकला जरा कमी होता, आणि सगळ्यांनी तोच पुरावा धरला. मग दर शुक्रवार कुंडात जाऊ लागला. इकडे धागा ओढायला त्याला दोनदा, तीनदा श्वास घ्यावा लागत होता. हे फक्त मला कळत होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

शेठची मोठी बहीण खुर्शीदआपा सरकारी दवाखान्यात नर्स होती. एकदा ती शेडमध्ये आली आणि महादूला मला ओठ लावताना पाहून थबकली.

"किती दिवस खोकतोस?"

"तूस हाय, आपा."

"तूस असेल, नाहीतर टीबी असेल. थुंकी तपासल्याशिवाय मी नाय सांगणार. आणि हे तोंडाला लावणं बंद करा. खोकल्यातून रोग हवेत जातो, पण एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात कशाला?"

तिने तारेची आकडी करून दिली. आकडीनेही धागा निघतो, फक्त लूम थोडा जास्त थांबतो.

"आपा, इससे कपड़ा ईद के बाद निकलेगा," गुलाम हुसेन हसला.

"आपा, अब्बांच्या वेळेपासून असंच चाललंय," शेठ म्हणाला.

आकडी खिळ्याला लटकली. महादू दवाखान्यात गेला नाही. टीबी निघाला तर लूम दुसऱ्याला जाईल, ही त्याची भीती. संध्याकाळी त्याने मला नेहमीसारखं पुढे केलं.

पावसाळ्यानंतर जानकीबाई, महादूची बायको, भर पाळीत शेडमध्ये आली. हातात त्याचा सदरा होता.

"शेठ, ह्याला रगत पडतंय, न् हा मला सांगतो पानाचा रंग हाय! आज ह्याला नेल्याबिगर मी जायाची न्हाय."

तिने मनगट धरून त्याला दवाखान्यात नेलं. टीबीच होता. औषधं सुरू झाली आणि महादू घरी बसला.

खुर्शीदआपाने गुलाम हुसेनलाही तपासायला बोलावलं. "मुझे क्या हुआ है?" तो म्हणाला आणि दोन्ही पाळ्या करू लागला. हिवाळ्यात तोही खोकू लागला. त्याच्या श्वासाची ओढ हळूहळू कमी होत गेली. अशी कमी होत जाणारी ओढ मी आधी एकदा अनुभवली होती. एक दिवस त्याने पेटी बांधली. "गाँव का पानी पिऊँगा, ठीक हो जाऊँगा," असं सांगून तो मऊला निघून गेला. आजार त्याच्याकडे माझ्यामुळे गेला की दोघांच्या एकाच हवेतून, ते मला माहीत नाही. ते तपासायला कुणी बसलं नाही.

औषधं पूर्ण करून महादू परत आला. बरा झाला, थोडा वाळला. तो आता आकडीच वापरतो. मऊकडचा कुणी भेटला की विचारतो, "हमारा गुलाम हुसेन दिखा क्या?" आजवर कुणी हो म्हणालेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आठवडेच्या आठवडे खोकत असेल, तर तूस की बिडी, हा वाद मोठ्यांना घालू देऊ नका. त्यांचा हात धरा आणि तपासायला न्या. जानकीबाईने नेलं, म्हणून महादू आहे. गुलाम हुसेनचं हात धरणारं माणूस तेव्हा दूर मऊला होतं.

रातपाळीला आता नवा कारागीर आहे. काल पाळी बदलताना महादूने त्याच्या हातात आकडी दिली. त्याने ती कानामागे खोचली, मला उचललं आणि ओठांकडे नेलं. महादू ओरडला, पण सगळे लूम चालू होते.