तिसरी टोपी

उन्नतीची गाडी पावसात बंद पडायची आणि माझ्या दुकानासमोर आली की शहाण्यासारखी चालायची. नवऱ्याची तक्रार घेऊन माहेरच्यांना घरी बोलवावं आणि त्याने त्यांच्यासमोर स्वतः उठून चहा करावा, तसला प्रकार.

माझं दुकान जासईला, कंटेनर यार्डाच्या वाटेवर. गाड्यांच्या वायरिंगची कामं करते. पाटीवर अजून नवऱ्याचं नाव आहे, सिताराम. तो पंधरा वर्षांपूर्वी यार्डात नोकरीला लागला, दुकान मला राहिलं, आणि पाटी बदलायचं दरवर्षी राहून जातं. नवीन ड्रायव्हर येतात, मला ओलांडून आत बघतात आणि विचारतात, "सितारामभाऊ कुठायत?" मी म्हणते, "ड्युटीवर. तोवर मी बघते." मग तोवर मीच बघते.

उन्नती बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातली. सव्वीस वर्षांची असेल. तिचा छोटा सीएनजी ट्रक, मागे बर्फाच्या पेट्या. पहाटे दिवाळ्याच्या बायकांची मासळी भरायची आणि पनवेल, करंजाडे करत परत यायचं. आधी गाडी तिचे वडील कमळाकरदादा चालवायचे. गुडघा गेला तशी चावी तिच्याकडे आली. दोन वर्षं एक तक्रार नव्हती. यंदा मात्र ऑगस्टपासून गाडीने पावसाशी वैर धरलं. पाणी उडालं की मिसिंग मारायची, गचके खायची आणि बंद पडायची. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

कमळाकरदादांचं निदान तयार होतं. "गाडी बायमानसाचा हात ओलखते." एवढ्यावर थांबले नाहीत. करंजाड्याचा मासळीवाला विपुल शुक्रवारी गाडी बघायला येणार होता. पसंत पडली की विकायची. उन्नतीसाठी चुलतभावाच्या बिल्डर ऑफिसात एक खुर्चीही बघून ठेवली होती, एसीतली.

"मावशी, त्या खुर्चीवर बसून मी करू काय?" उन्नती मला म्हणाली. "खुर्चीला गिअर नसतो."

बेलापूरच्या हरेश मेकॅनिकने प्लग बदलले, मग कॉइल बदलली. माझ्याकडे आली ती सोमवारी. मी अर्थिंगची वायर सैल बघितली, घट्ट केली आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "जा, आता समुद्रात घाल." मंगळवारी ती गव्हाण फाट्याच्या पुलाखालच्या गुडघाभर पाण्यात, बारा टोपल्या मासळीसकट बंद पडली. मागच्या ट्रेलरवाल्याने खाली उतरून सल्ला दिला की मॅडम, स्कूटी घ्या. हे मला उन्नतीनेच हसत सांगितलं, पण हसताना माझ्याकडे बघत नव्हती. माझा तोरा तिथेच उतरला.

गुरुवारी दुपारी ती परत आली. आभाळ भरलेलं, पण रस्ता कोरडा. गाडी गुणी.

"उद्या विपुल येतोय," ती म्हणाली. "आज सापडलं तर सापडलं."

मी स्टूल पुढे सरकवलं. "बस. पहिल्यापासून सांग. जूनमध्ये पाऊस झाला, तेव्हा?"

"तेव्हा चालली."

"जुलैत खाडीचं पाणी रस्त्यावर आलं होतं तेव्हा?"

"त्याच्यातून काढली की. मस्त चालली."

"म्हणजे पाऊस काही नवीन नाही गं. ऑगस्टमध्ये नवीन काय झालं?"

तिने खूप आठवून बघितलं. "काहीच नाही. कुणी हातपण लावला नाही. मी आणि बाबा, बस."

मग मी शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून पाणी फवारायची बाटली आणली आणि तिच्यात चिमूटभर मीठ टाकलं. साध्या पाण्याने वीज एवढी वाट सोडत नाही, खाऱ्याने सोडते. या गाडीचं इंजिन सीटखाली. सीट उचलून ठेवली, गाडी चालू केली आणि केबिनवर ट्रेलरवाल्यांची टाकून दिलेली ताडपत्री चारी बाजूंनी ओढून घेतली. आत भर दुपारी काळोख. आम्ही दोघी आणि तापलेलं इंजिन. घाम कानामागून गळ्यात.

"काय बघायचं?" उन्नती कुजबुजली. कुजबुजायचं काही कारण नव्हतं.

"ठिणगी. कॉइलपासून या चार जाड वायरी निघतात ना, त्या प्लगवर बसतात. टोकाला रबरी टोपी. वीज टोपीच्या आतच राहायला पाहिजे. हात लांब ठेव, झटका जबर असतो."

पहिल्या टोपीवर फवारलं. काही नाही. दुसरी. इंजिन किंचित शिंकलं, सावरलं. तिसरीवर दोनदा फवारलं आणि टोपीच्या कडेला एक निळा किडा वळवळला. बाहेर आला, खाली लोखंडावर गेला, परत आला. गाडीने गचका खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि बंद.

"हेच," उन्नती म्हणाली. "असंच करते. अगदी असंच."

ताडपत्री काढली आणि टोपी उपटून उजेडात धरली. रबर बोटाखाली फुगलेलं, लिबलिबीत. कड फाटलेली. बाकीच्या तिन्ही त्याच वाटेवर. रबर जुनं झालं की कडक होतं, तडकतं. असं पावासारखं फुगत नाही. फुगतं ते तेलाने. पण त्या जागी इंजिनचं तेल गळलेलं नव्हतं.

मी टोपी नाकाशी नेली.

मासळीच्या गाडीत मासळीचा वास येणार, म्हणून हरेशने नाक वापरलं नाही, सोमवारी मीही नाही. पण हा पापलेट-बोंबलाचा वास नव्हता. माझं आजोळ उरणजवळच्या मोरा बंदरातलं. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांना मामा हेच फासायचा आणि आम्हा पोरांना चार दिवस त्या बाजूला जाववत नसे. मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, कलेजीचं तेल, त्यात जळकं ऑइल. लाकडाला खारं पाणी लागत नाही त्याने.

"उन्नती, तुमच्याकडे होड्यांना तेल कधी लावलं यंदा?"

"नारळी पुनवेच्या आधी. बाबांनीच लावलं, काकाच्या होडीला. का?"

"काही नाही. तू उरणला जा, माझी स्कूटर घे. या वायरींचा सेट आण, आणि पांढऱ्या सिलिकॉन ग्रीसची ट्यूब."

ती गेल्यावर मी कमळाकरदादांना फोन केला. रिक्षाने आले. गुडघा धरत उतरले, गाडीकडे एकदा बघितलं आणि स्टुलावर बसले.

"भेटला काय रोग?"

मी टोपी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दाबली. वास घ्यायची त्यांना गरज पडली नाही.

"कधीपासून लावताय, दादा?"

त्यांनी टोपी हातात उलटीपालटी केली.

"होडीचा उरला होता थोरा," ते म्हणाले. "पोर पहाटे चारला एकटी जाते, अरुनाबाय. पान्यात कुठं थांबली तर कोन हाय तिथं? होडीला पानी लागत नाय, मग हिला कशाला लागंल, म्हनून लावला. तरी थांबली, तवा जास्त लावला. दर आयतवारी लावतो. ती झोपलेली असते."

"बंद पडायला लागली म्हणून लावलंत, की लावलंत म्हणून बंद पडायला लागली?"

हे त्यांनी बोटांवर मोजल्यासारखं मनात मागे नेलं. पूनव, रविवार, पहिला गचका. मग टोपी हळूच बाजूच्या बाकावर ठेवली, जिवंत असल्यासारखी.

"म्हंजे पोरीचा हात चांगला हाय," ते म्हणाले.

"हात चांगलाच आहे. लाकूड तेल पितं, दादा. रबर पिऊन फुगतं."

"तिला नको सांगू."

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "ते काम तुमचं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना भर बाजारात नाचायला सांगितलं होतं. मी उठून चहा टाकला. मधल्या वेळात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

उन्नती वायरी घेऊन आली तेव्हा आभाळ उरणच्या बाजूने खाली उतरायला लागलं होतं. वडिलांना बघून तिचा चेहरा बंद झाला. "विपुल आजच येतोय का?"

"तो मरू दे," कमळाकरदादा म्हणाले. मग जमिनीकडे बघून, "तेल मी लावला."

"कसलं तेल?"

त्यांनी सांगितलं. तुकड्या-तुकड्यांनी, मधे होडीची गोष्ट, मधे त्यांच्या बापाची, एकदा गुडघ्याचीसुद्धा. पण सांगितलं. उन्नती स्कूटरची चावी बोटाभोवती फिरवत ऐकत होती. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडायचा तिला हक्क होता.

"बाबा," ती म्हणाली, "महिनाभर मला वाटत होतं मीच क्लच चुकीचा सोडते. रात्री झोपेतपण पायाने क्लच दाबायचे मी."

त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. ट्यूब मागत होते.

मी दिली. "हे चालतं रबराला. थोडंसं, टोपीच्या आतल्या कडेला. होडीसारखं फासायचं नाही."

चारही टोप्यांना त्यांनीच लावलं, करंगळीच्या टोकाने, बाळाच्या डोळ्यात काजळ घालावं तसं. बसवल्या मी. बसताना चारही टोप्या टक्क वाजल्या. जुन्या कधीच्या मुक्या झाल्या होत्या.

पाच वाजता पाऊस आला आणि मग त्याने काही हातचं राखलं नाही. आम्ही तिघंही केबिनमध्ये चढलो. उन्नती स्टिअरिंगला, दादा मधे, मी दाराशी. कुणीच म्हणालं नव्हतं कुठे जायचं, तरी गाडी गव्हाण फाट्याकडे वळली. पुलाखाली पाणी मंगळवारएवढंच होतं. एक रिक्षा कडेला मान टाकून उभी. उन्नतीने पहिला गिअर टाकला, रेस थोडी चढवली आणि पाण्यात घातली.

पाणी गाडीच्या तळाला थडाथड आदळत होतं. मी इंजिनचे ठोके मोजत होते, चारच्या चार. मधोमध आल्यावर दादांचा फोन वाजला.

"हां, विपुल," ते म्हणाले. "उद्या ये ना. मासली घेऊन जा, ताजी हाय. गाडी नाय भेटनार... नाय रे, खराब कुठं? पोरगी चालवते तिला. आता पान्यातच हाव, ऐक." आणि खरंच त्यांनी फोन सीटला टेकवून त्याला इंजिन ऐकवलं.

उन्नतीने समोरून नजर काढली नाही.

"बाबा, तो गुडघा जरा तिकडे घ्या," ती म्हणाली. "गिअर टाकायचाय."