करड्या पानावरची राणी साडी

माझं डोकं लवकर तापतं, हे चिखलीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तिका, पत्रिका, अहवाल यांची पानं लावून देण्याचं माझं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक "चित्राताई, जरासंच बदलायचंय" म्हणालं की माझ्या कपाळावर आठी पडतेच. पण यंदा मी तापले ते वेगळ्याच कारणानं.

मराठवाड्यातून इकडे कामाला आलेल्या कुटुंबांचं एक मंडळ आहे. ते दर वर्षी वधू-वर मेळावा घेतं. त्याच्या रंगीत पुस्तिकेचं काम यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे आलं. मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब माणूस म्हणून भले, पण शिस्तीचा भारी सोस. पुनर्विवाहाची स्थळं सगळ्यात शेवटी आणि करड्या पानांवर छापायची, ही त्यांनीच पाडलेली पद्धत. लोकांना चटकन कळावं म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

छापखान्यातून नमुना प्रत आली आणि मी कपाळाला हात लावला. करड्या पानांवर, कापून लावलेल्या प्रत्येक चेहऱ्यामागे फिकट चौकोन उमटला होता. स्क्रीनवर मागमूस नव्हता, कागदावर मात्र ठिगळं लावल्यासारखी दिसत होती.

नेमकी तेव्हाच विजयश्री आपली माहिती तपासायला आली. ती महाळुंग्याच्या एका कंपनीत काम करते. शिफ्ट संपवून थेट आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. फोटोत तिनं राणी रंगाची साडी नेसली होती. नवरा गेल्यापासून असा उजळ रंग अंगाला लावला नव्हता, खास या फोटोसाठी घेतली म्हणाली. आणि कागदावर ती साडी उकडलेल्या बिटासारखी मळकट आलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुरुस्त करते गं, म्हटलं.

"साडीचं जाऊ द्या ताई," ती म्हणाली. "करडी पानं आली की लोक पुस्तिका मिटतात. मागच्या साली बी मी होते यात. एक फोन आला न्हाई. यंदा बी तसंच झालं तर पुन्हा नाव द्यायची न्हाई मी."

रडली वगैरे नाही. जन्मतारीख बरोबर आहे एवढं बघून गेली. माझा जीव मात्र तळमळत राहिला.

चौकोनांचं कारण मी शोधून काढलं. पानाचा करडा रंग छपाईच्या शायांमध्ये बांधलेला होता, फोटो मात्र मोबाइलवरून आले तसे, स्क्रीनच्या रंगातले. छपाईची फाइल निघताना दोन्ही एकत्र बसवले जातात, तेव्हा फोटोभोवतीचा करडा वेगळाच होऊन बसतो. सगळं छपाईच्या रंगात आणलं, फाइल पुन्हा काढली, चौकोन गेले. नानासाहेबांना फोन केला तर ते खूश. झालं ना मग काम, म्हणाले. कसलं झालं डोंबल! ठिगळं गेली, पान तसंच सुतकी.

मग मी एक आगाऊपणा केला. पहिल्या पानावर नानासाहेबांचं मनोगत असतं, केशरी फेटा बांधलेल्या फोटोसकट. ते पान उचललं, त्याच करड्या रंगावर ठेवलं आणि त्याची प्रत काढून त्यांच्या घरी घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला. कागद जवळ धरला, लांब धरला. चेहरा उतरला त्यांचा.

"अहो चित्राताई, ही काय श्रद्धांजलीची जाहिरात आहे? मी जिवंत आहे अजून."

"त्याही जिवंत आहेत, नानासाहेब."

मी विजयश्रीचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मला वाटलं, गेलं हे काम हातातून. मग त्यांनी विचारलं, करडं काढलं तर लोकांना कळणार कसं? मी म्हटलं, माहितीत एक ओळ असतेच की, 'पुनर्विवाह' म्हणून. वाचतील. आणि पानं शेवटी नकोत, नावांच्या क्रमानं सगळ्यांच्यात येऊ द्या. त्यांनी चष्मा काढला आणि करा म्हणाले. एवढंच. वाद घालायची सगळी तयारी करून गेले होते मी, ती वायाच गेली.

आता राहिली साडी. छपाईच्या रंगात नेताना तिच्यात निळी आणि काळी शाई घुसली होती. साडीपुरता भाग निवडून ती हुसकून लावली, पदराच्या घड्या दिसाव्यात इतकीच ठेवली, बाकी सगळी गुलाबी. चेहऱ्याला हात लावला नाही. ती जशी आहे तशी छान आहे. राणी रंग कागदावर स्क्रीनइतका कधीच उतरत नाही, पण पांढऱ्या पानावर त्यानं जान आणली. नमुना बघून मी एकटीच हसले.

मेळावा पिंपळे गुरवच्या हॉलमध्ये झाला. मला एरवी असल्या ठिकाणी कंटाळा येतो, पण गेले. विजयश्री मागच्या रांगेत आईशेजारी बसली होती, तीच साडी नेसून. माझ्या पुढच्या रांगेत कुसुमताई नावाच्या बाई पुस्तिका चाळत होत्या, मुलासाठी. सावकाश, एकेक पान. विजयश्रीच्या पानावर थांबल्या. मग बोट माहितीवरून खाली सरकत 'पुनर्विवाह' या शब्दावर आलं आणि तिथंच राहिलं. आता मिटणार पुस्तिका, वाटलं.

त्यांनी मिटली नाही. पानात बोट घालून उठल्या, सगळ्या हॉलभर नजर फिरवली आणि खुर्च्यांमधून वाट काढत मागच्या रांगेपाशी गेल्या. पुस्तिका उघडून विजयश्रीच्या पदराजवळ धरली. रंग जुळत होता.

"तूच ना गं ही? साडीवरून ओळखलं," त्या म्हणाल्या, आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलाला हात केला. "ज्योतीराम, इकडं ये."

विजयश्रीनं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बसा ना," ती म्हणाली.