तंगुसाचं कुरळं टोक

तंगूस तुटला तर त्याचं टोक सरळ राहतं, कात्रीनं कापल्यासारखं. गाठ सुटली तर टोक कुरळं होतं, काकडीच्या वेलीच्या ताण्यासारखं. हे मला दाजींनी शिकवलं. शिकवलं नसतं तर बरं झालं असतं.

बहरीनला, नईममधल्या आमच्या दुकानात मासे धरायचं सगळं सामान मिळतं. गळ, शिसं, रॉड, रीळ, बोटीचे नांगर, लाइफ जॅकेट, आणि तंगूस, म्हणजे ती नायलॉनची पारदर्शक दोरी. मी तिथला स्टोअरकीपर, संतोष, गाव कागलच्या बाजूला. गळ्यात माळ आहे, मासे खात नाही. पण कुठल्या माशाला कितव्या नंबरचा गळ लागतो ते झोपेतून उठवलंत तरी सांगेन. काउंटर दाजींचं. ते आचऱ्याचे, सव्वीस वर्षं इथे. आमच्याकडे दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. पहिल्या दिवशी नाव ऐकून मी हसलो, तर म्हणाले, "बहीण आसा काय रे तुका?"

"नाही."

"मगे फुकटचो दाजी गावलो तुका. सांभाळ."

मालकीण खदिजा मॅडम. दुकान त्यांच्या वडिलांचं, आणि दाजी वडिलांच्या वेळचे. रोज सकाळी दाजी स्टुलावर बसून शंभर-सव्वाशे गळ तंगुसाला बांधायचे, पाच-पाचाची पाकिटं करायचे. कंपनीचे तयार गळ शेजारीच टांगलेले असायचे, त्यांच्यावर धूळ. अरब नाखवा असो की जुफैरचा साहेब, सगळे एकच मागायचे, "दाजीवाला."

गिऱ्हाइकांची माझी एक विभागणी आहे. काही मासे धरायला सामान घेतात, काही बायकोपासून लांब जायला, आणि काही व्हिडिओ बघून. स्वरूप तिसऱ्या प्रकारचा. पुण्याचा इंजिनियर, जुफैरला राहतो, शुक्रवारी चार मित्रांत बोट घेतो. पहिल्यांदा आला तेव्हा मोबाइल पुढे करून रबरी गांडूळ मागत होता.

"दाजी, हे बघा ना, बास फिशिंग. अमेरिकेत सगळे हेच वापरतात."

"तो मासो गोड्या पाण्यातलो, बाळा. तळ्यात रवता. तेका रबर चलता. हय हामूर आसा, खाऱ्या पाण्यातलो मासो. तेका खरीखुरी सुंगटा होयी, कोळंबी."

"मग रॉड कुठला घेऊ?"

"रॉड मगे. आधी बोटीत नांगर कसलो आसा ता सांग."

स्वरूपला माहीत नव्हतं. दाजींनी त्याला अर्धा तास बसवलं. नांगराला आधी दोन वाव साखळी, मग दोर. पाणी पाच वाव असेल तर दोर पंधरा वाव सोडायचा, नाहीतर नांगर तळावर नुसता घसरतो आणि बोट फिरत राहते. जॅकेट सीटखाली ठेवायला नसतं, अंगात घालायला असतं. हामुराला जाड तंगूस, सुरमईला पुढे हातभर तार, कारण तिचे दात सुरीसारखे. "आणि हामूर लागलो की फोटो काढीत बसा नको. तो दगडातलो, बिळात धावता. पयले दोन हात तू ओढलंस तर तुझो. नाय तर तो दगडाचो."

स्वरूप सगळं मोबाइलवर टिपत होता. तेव्हापासून तो दर शनिवारी येऊन आदल्या दिवसाचा हिशोब द्यायचा. काय लागलं, काय सुटलं, कुठे चुकलं. दाजींना तो मुलासारखा झाला म्हणणार नाही. मुलं इतकं ऐकत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, की दाजी सुलेमानीचा, म्हणजे गरम कोऱ्या चहाचा, ग्लास कडेला न धरता मुठीत धरतात. माझ्या बोटांना जो ग्लास दोन सेकंद धरवत नव्हता तो त्यांनी गप्पा मारत संपेपर्यंत धरला. मग गळाच्या डब्यातून एक गळ उचलायला त्यांना तीन वेळा हात घालावा लागायला लागला. शंभराचे सत्तर झाले, सत्तराचे चाळीस. त्यांच्या शर्टाच्या खिशात मधुमेहाच्या गोळ्या मी पूर्वीच बघितल्या होत्या. एकदा मी विचारलं, "बोटांना काय झालंय?"

"एसी. थंडीन आकडतत."

दाजींची गाठ डोळ्यांची नव्हती, बोटांची होती. तंगुसाचे सात वेढे, प्रत्येक वेढा शेजारच्याला चिकटलाय का ते बोटाच्या पेरानं बघायचं, मग तोंडात धरून थुंकीनं ओला करायचा आणि हळू ओढायचा. एक वेढा दुसऱ्यावर चढला की गाठ दिसते तशीच, पण ओझं आलं की सुटते.

आणि सुटायला लागल्या. लोक तुटलेला तंगूस घेऊन यायचे, नवीन पाकीट मागायचे. मी टोक बघायचो. कुरळं. पण दाजींना तसं कोणी म्हणालं नाही. मुहर्रकचा नाखवा, जो दोन दिवसांच्या बर्फाच्या पैशांवरून मॅडमशी भांडतो, तो म्हणाला, "दाजी, बहुत बडा था. तोड के गया." झिंजचा एक केरळी म्हणाला, "दाजी, शार्क होगा." सगळे टोक मुठीत लपवून बोलायचे. त्या उन्हाळ्यात बहरीनच्या समुद्रातले मासे अचानक फार मोठे झाले. दाजी खूश व्हायचे. "बघ रे संतोष, औंदा हामूर कसो पोसलोहा!"

नोव्हेंबरात त्यांचा व्हिसा संपत होता. वय एकसष्ट. मॅडम म्हणाल्या होत्या, हात चालतो तोवर दाजी माझ्याकडे. गावाहून शेवंतीवहिनींचा रोज फोन यायचा, स्पीकरवर, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा. "येवा आता. किती वर्सां लोकांक मासे मारूक शिकवतलास?"

"दोन वर्सां अजून गो."

"दोन वर्सांनी समुद्र आटतलो काय?"

फोन ठेवल्यावर दाजी मला म्हणायचे, "थय जाऊन करू काय? थय माझ्यापेक्षा बरे मासे गरवणारे घराघरात. थय मी शेवंतीचो घो. हय दाजी."

त्यांना दुकानात राहायचं होतं, आणि राहायचं असेल तर गाठ टिकायला हवी होती. म्हणून मी ठरवलं. दुपारी साडेबाराला शटर अर्धं पडतं, दाजी वर खोलीत जाऊन पडतात, साडेतीनला येतात. त्या वेळात मी त्यांची पाकिटं सोडायचो, त्यांनी बांधलेले गळ काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो आणि नवे बांधून भरायचो. अकरा वर्षं बघून बघून गाठ मला येत होती. सात वेढे, सगळे सरळ. फक्त थुंकीचं मी टाळलं. गळ्यात माळ असताना मासे मारायचा तंगूस तोंडात धरवेना. कोरडाच ओढायचो. थुंकी ही दाजींची सवय असेल, तंबाखूसारखी, अशी मी समजूत घातली. फेकून द्यायचे ते गळ मात्र फेकवले नाहीत.

दोन महिने कोणी परत आलं नाही. मला माझंच कौतुक वाटायला लागलं.

ऑक्टोबरातला एक शनिवार. खदिजा मॅडम व्हिसाचे कागद घेऊन आल्या होत्या, दाजी चष्मा शोधत होते, आणि स्वरूप आत आला. तो पुण्याचा, खोटं बोलायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं तंगूस सरळ काउंटरवर ठेवला.

"दाजी, मला सांगा, माझं काय चुकलं? हामूर होता. पहिले दोन हात मी ओढले, बोटीपर्यंत आणला. जाळी खाली घालणार, तेवढ्यात गेला. हे टोक असं का झालंय?"

मी म्हणालो, "मोठा असेल."

"नाही हो, तीन किलोचा असेल फार तर. दिसला ना."

दाजींनी तंगूस हातात घेतला. बोटांनी चाचपला, काही कळलं नाही, मग उजेडाकडे धरला. खूप वेळ बघितला. मला वाटलं आता त्यांना कळेल की त्यांची गाठ सुटते. ते कुरळं टोक डोळ्यांपुढे गोल फिरवत होते, आणि मग त्यांनी टोकाकडून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

दाजी डावखुरे. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली प्रत्येक डबा मोजला, त्यांचा हात मोजला नाही. त्यांचे वेढे एका बाजूला वळतात, माझे दुसऱ्या. टोक माझ्या बाजूला वळलेलं होतं.

"गाठ माझी—" मी सुरुवात केली.

"तू गप," दाजी म्हणाले. आवाज चढला नाही. ते स्वरूपकडे वळले. "तुझा कायच चुकाक नाय, बाळा. तू बरोबर ओढलंस. गाठ सुटली." मग मॅडमकडे. "मॅडम, ये मेरा गाठ है. मेरा हाथ गया. ये पेपर रहने दो."

मॅडम कागद धरून उभ्याच. "दाजी, एक मछली के लिए?"

"एक नहीं, मॅडम. संतोष को मालूम है."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी रॅककडे बघितलं. स्वरूप बिचारा सारखा म्हणत होता, "अहो दाजी, मी तक्रार नव्हतो करत, मी शिकायला आलो होतो." दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला कंपनीच्या गळांचं एक पाकीट दिलं. धूळ फुंकून.

स्वरूप गेला, मॅडम डोळे पुसत गेल्या. मी शटर अर्धं ओढलं. दाजी वर गेले नाहीत.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"ऑगस्ट."

"थुकी लावलंस नाय मां? कोरडी गाठ आवळणा नाय."

"नाही."

"वाटलाच. माळकऱ्याची गाठ." ते हसल्यासारखं करून थांबले. "लोकांक म्हायत होता?"

मी काउंटरवरची धूळ पुसायला घेतली. मुहर्रकचा नाखवा, केरळी, सगळ्यांची तोंडं त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून जात असावीत. एवढे मोठमोठे हामूर.

"म्हणजे औंदाचो हामूर पोसाक नाय," ते म्हणाले. मग, "लोकांक सांग, शेवंतीन बोलावल्यान म्हणान गेलो."

"सांगतो."

"आणि माझे खय आसत? टाकलंस?"

मी बिस्किटांचा डबा आणला. आत दोन हजार बावन्न बांधलेले गळ होते. दाजी स्टूल ओढून बसले, छोटी कात्री घेतली.

"काय करताय?"

"गळ बरे आसत. नुसतो तंगूस कापून टाकूचो. वस्तू फुकट कित्याक घालवची?"

मी समोर बसलो. ते एकेक उचलत, दोनदा-तीनदा हात घालून, गाठीपाशी कात्री लावत आणि मोकळा गळ नंबराप्रमाणे खणात टाकत. कापलेले वेढे मांडीवर साचत होते. बाहेर दुपारच्या बांगेचा आवाज येऊन गेला. तिसाव्या की एकतिसाव्या गळाला मला दिसलं, खणातल्या गळांना लाल लागत होतं. त्यांच्या डाव्या अंगठ्यात गळ शिरून निघाला होता, एकदा नाही, दोन-तीनदा. ते त्याच अंगठ्यानं पुढचा धरत होते.

मी टिश्यूचा डबा त्यांच्याजवळ सरकवला.

दाजींनी आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्या कित्याक?" त्यांनी विचारलं.