गुणाजीचा डबा की कंपनीचा?

मी एक डबा आहे. ड्रायव्हर लोक माझ्या जातीला एअर क्लीनर म्हणतात. रेवदंड्यात मला 'गुणाजीचा डबा' म्हणत. इंजिनाला पेट्रोल लागतं तशी हवाही लागते. ती हवा धूळ काढून आत सोडणं, हे माझं काम. माझ्या तळाशी तेलाची वाटी, वर नारळाचा काथ्या. हवा तेलावरून जाते, धूळ तेलात बसते. काम सोपं, पण चुकलं तर इंजिन गेलंच.

माझ्यावर कुठल्या कंपनीचा छाप नाही आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

सत्तावन्न साली गुणाजी कोळ्याने लष्कराची जुनी लॉरी घेतली, सुकी मासळी पोयनाडच्या बाजाराला न्यायला. तिचा मूळचा एअर क्लीनर गंजून फुटला होता. मुंबईहून नवा यायला दोन महिने लागतील असं कळलं. दोन महिने बसून राहील तो गुणाजी कसला! त्याने बोटीला लावायच्या रंगाचा जाड पत्र्याचा रिकामा डबा कापला, सांधे कथलाने जोडले आणि मला घडवलं. तेलाची वाटी त्याने कंपनीच्या डब्यापेक्षा चार बोटं खोल केली.

त्याचा धाकटा भाऊ अनंता शेजारी उभा होता. म्हणाला, "दादा, एवढी खोल कशाला? कंपनीवाले काय येडे हायत?"

"येडे न्हायत रं. पण त्यांनी चौलचा रस्ता कुठं बघितलाय?"

खरंच होतं ते. त्या रस्त्याची तांबडी धूळ मी चार वर्षं गिळली. दर रविवारी गुणाजी माझा काथ्या रॉकेलमध्ये धुई, काळं तेल ओतून टाकून नवं भरी. त्या चार वर्षांत इंजिन एकदाही खोकलं नाही.

मग गुणाजी गेला. तीन दिवसांच्या तापाने गेला. चाळीसही नव्हता. यावर मला जास्त बोलता येत नाही.

घरात त्याची बायको केसर, दोन लहान मुली आणि अनंता. सगळ्यांचं पोट त्या एका लॉरीवर. अनंता स्टिअरिंगवर बसला आणि गाडी अशी हाणू लागला, जणू रस्त्यानेच त्याचा भाऊ नेला होता. पहिला रविवार आला. त्याने माझं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि तसंच लावून टाकलं.

केसर म्हणाली, "तेल बदललंस का?"

"न्हाय. दादानं ओतलेलं तेल हाय ते."

दुसऱ्या रविवारीही त्याने बदललं नाही, तिसऱ्याही. तेल चिखलासारखं झालं. पुढे खड्ड्यांत आपटून माझा एक सांधा उकलला. अलिबागच्या गॅरेजवाल्या दयाराम मिस्त्रीने सांगितलं, "आता कंपनीचा मिळतो, माझ्याकडं आलाय. तो बसव." अनंता त्याच्या अंगावर धावून गेला. "दादाच्या डब्याला हात लावायचा न्हाय!"

घरी येऊन त्याने फटीत कापूस आणि राळ ठासली. होडीच्या फळ्यांना भरतात तशी. हात कोळ्याचे, त्यांना तेच ठाऊक. पण होडीखाली पाणी असतं, माझ्याखाली तापलेलं इंजिन. चौलच्या बागांपाशी राळ वितळून माझ्या काथ्यात उतरली. हवा कोंडली. लॉरीने काळा धूर सोडला आणि भर उन्हात मासळीसकट बसली.

निरोप गेला, तसा दयाराम कंपनीचा डबा घेऊन सायकलवरून आला. मला पाहून म्हणाला, "काय नाखवा, लॉरी समुद्रात घालणार होतास का?" मग त्याने इंजिनाच्या नळीत बोट फिरवलं. रेती लागली. त्याचं हसू गेलं. "फटीतून आत जातेय ही. अजून महिनाभर असं चालवलंस तर इंजिन भंगारात."

"चालंल," अनंता म्हणाला. "पण डबा ह्योच राहील."

बाजाराला बरोबर निघालेली केसर मासळीच्या पाट्यांजवळ उभी होती. ती पुढे आली.

"अनंता, तुझ्या दादानं ह्यो डबा कशाला केलान?"

तो माझ्यावरची धूळ पुसू लागला.

"इंजिन जगवायला केलान. आन् तू डबा जगवायला इंजिन मारतोस. माझ्या पोरी काय डबा खातील?"

अनंताने पाना उचलला. बोल्ट हलेना, तेव्हा बोल्टला शिव्या दिल्या. शेवटी त्याने मला उतरवलं आणि वाटी रस्त्याकडेला उपडी केली. तेल हळूहळू गेलं. तळाला तांबडा चिखल राहिला. तो त्याने बोटांनी खरवडून काढला आणि तसल्याच हातांनी तोंड झाकून रडला. गुणाजी गेल्यापासून पहिल्यांदाच. केसरने त्याला रडू दिलं.

कंपनीचा डबा बसला. चांगला बसला; त्याच्या सांध्याला रबर होतं, ते माझ्याकडे कधीच नव्हतं. खोटं कशाला बोलू?

दयाराम मला भंगारात टाकणार, एवढ्यात अनंता म्हणाला, "मिस्त्री, थांबा. ह्याच्या वाटीचं माप घ्या. कंपनीची उथळ हाय. आपल्या रस्त्याला पुरायची न्हाय."

दयारामने माप घेतलं. त्या आठवड्यात कंपनीच्या डब्याला खाली गुणाजीच्या मापाची नवी खोल वाटी जोडली गेली. नंतर मुरूडच्या रावजीने आपल्या टेम्पोला तशीच करून घेतली, मग आणखी दोघांनी.

आता मी दयारामच्या गॅरेजात फळीवर असतो. धूळ बसते अंगावर, पण ती मला नवी नाही. कुणी विचारलं, कंपनीचा घेऊ की गावात करून घेऊ, की दयाराम मला खाली काढून दाखवतो. छाप नंतर बघा, आधी सांधा बघा, असं मला त्यांना सांगायचं असतं. आणि तेल कुणाच्याही हातचं असो, काळं झालं की ओतून टाका.